दिवसा सरकारी कारकून, पहाटे तालीम : पनवेलजवळच्या शिरढोणच्या वासुदेव बळवंतांनी आयुष्याचं ध्येय कसं ठरवलं आणि पुढं काय झालं?

पनवेलमध्ये कुणाला सांगा, संध्याकाळी फडकेला भेटू. पत्ता विचारावा लागत नाही. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह हे पूर्ण नाव फक्त तिकिटावर आणि बोर्डावर. मुंबईत मेट्रो सिनेमाच्या चौकालाही त्यांचंच नाव आहे. तिथून रोज हजारो माणसं सिग्नल सुटायची वाट बघत उभी असतात.

पण या माणसाबद्दल आपल्याला माहीत काय असतं? शाळेच्या पुस्तकातला एक परिच्छेद. रामोशांना घेऊन बंड केलं, पकडले गेले, एडनच्या तुरुंगात वारले. संपला विषय.

आता इन्स्टा उघडा. दर दोन रील्सनंतर कुणीतरी सांगत असतो की आयुष्याचं ध्येय ठरवा, पहाटे उठा, डायरी लिहा, नोकरी करता करता साइडला तयारी करा, पाच वर्षांचा प्लॅन बनवा. गंमत म्हणजे यातलं जवळपास सगळं फडकेंनी दीडशे वर्षांपूर्वी करून झालं होतं. ध्येय स्पष्ट होतं. तयारी काही वर्षांची होती. शिस्त तर अशी की आजच्या कुठल्याही फिटनेसवाल्याला लाजवेल. एवढं सगळं करूनही ते ध्येय काही त्यांच्या हाताला लागलं नाही.

म्हणूनच ही गोष्ट नीट बघायला हवी. जिंकलेल्यांची चरित्रं आपण भरपूर वाचतो.

कर्नाळ्याच्या पायथ्याचं पोर

पनवेलवरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. डोकं वर केलं की कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो. ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेवचा जन्म या गावातला. वडील बळवंतराव, आई सरस्वतीबाई.

आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली पेशवाई बुडाली त्या धामधुमीत कर्नाळा इंग्रजांकडे गेला. म्हणजे वासुदेवच्या जन्माआधी फक्त सत्तावीस वर्षं. आपल्यासाठी आजोबांच्या तरुणपणीची गोष्ट जेवढी लांब, तेवढंच त्याच्यासाठी स्वराज्य लांब होतं. घरातून बाहेर पडलं की समोर तो किल्ला, आणि तो आपल्या घराकडून गेलाय ही घरात बोलली जाणारी गोष्ट.

बालपणाचा मोठा काळ गेला कल्याणला, आईच्या माहेरी. १८५७ चा उठाव झाला तेव्हा पोरगा अकरा-बारा वर्षांचा होता. उत्तरेतून येणाऱ्या बातम्या कानावर पडायच्याच. शिक्षण कल्याण, मुंबई, पुणे असं फिरत फिरत झालं. इंग्रजी आलं. आणि त्या काळात इंग्रजी आलेल्या ब्राह्मण मुलानं जे करायचं ते त्यानंही केलं. सरकारी नोकरी धरली.

आधी रेल्वेत थोडे दिवस. मग लष्कराच्या कमिसरिएट खात्याच्या हिशोब तपासणाऱ्या कचेरीत. कमिसरिएट म्हणजे फौजेचा दाणागोटा बघणारं खातं. किती धान्य आलं, किती चारा गेला, किती रुपये लागले, याची आकडेमोड. १८६० च्या दशकात फडके मुंबईहून पुण्याच्या कचेरीत आले आणि तिथेच रमले. लग्न झालं होतं, पगार वेळेवर येत होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की पोरगं मार्गी लागलं.

ती नामंजूर रजा

मग ती घटना घडली, जी त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते.

आई आजारी असल्याची खबर आली. फडकेंनी रजा मागितली. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. परवानगी वेळेत मिळाली नाही, आणि ते गावी पोचले तोवर आई गेलेली होती.

साहेब लोकांच्या कचेरीत काम करणाऱ्या शेकडो कारकुनांच्या वाट्याला असलं काहीतरी आलं असणार. बहुतेकांनी गिळलं असणार. फडकेंनी आधी वरच्या साहेबाकडे तक्रार लावून धरली. म्हणजे सुरुवात अगदी वैयक्तिक रागातून झाली. माझ्या आईला मी भेटू शकलो नाही, कारण एका परक्या माणसानं सही केली नाही.

चरित्र सांगणारे बरेच जण इथून थेट बंडावर उडी मारतात. रजा नाकारली आणि माणूस क्रांतिकारक झाला! सिनेमात हे छान दिसतं. खरं आयुष्य असं चालत नाही. आई गेली आणि बंडाचा पहिला वार झाला यात वर्षंच्या वर्षं गेली. एवढी वर्षं ते त्याच कचेरीत जात होते. मला विचाराल तर या माणसाची खरी गोष्ट या मधल्या वर्षांत आहे.

राग धरून ठेवणं सोपं असतं. या काळात फडके तो राग तपासत होते. प्रश्न माझ्या साहेबाचा आहे की साहेब ज्या खुर्चीत बसलाय त्या खुर्चीचा?

१८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा सुरू झाली होती. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात आले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनी व्यापारावर व्याख्यानं दिली. देशातला कच्चा माल बाहेर जातो, पक्का माल होऊन परत येतो आणि इथला विणकर-कारागीर बसतो, असा तो सगळा हिशोब. समोर बसलेल्यांत फडके होते. हिशोब तपासणं हा त्यांचा रोजचा धंदा होता. हा हिशोब त्यांना बरोबर कळला.

त्यांनी स्वदेशीचं व्रत घेतलं. महात्मा गांधी तेव्हा काठियावाडात दोन-तीन वर्षांचे होते, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे काळाचा अंदाज येतो.

ध्येयाची पहिली आवृत्ती बंदुकीची नव्हती

बंड ही फडकेंची पहिली कल्पना नव्हती, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आधी त्यांनी शाळा काढली. वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि फडके या मंडळींनी पुण्यात पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन उभी केली. सरकारी शाळेत मिळत नाही ते शिक्षण आपल्या मुलांना आपण द्यायचं, ही कल्पना. पुण्यात भावे स्कूल म्हणून जी शाळा पिढ्यान् पिढ्या ओळखली गेली, ती याच झाडाची फांदी. ही संस्था म्हणजे आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. गरवारे कॉलेज माहीतच असेल. ते त्यांचंच.

मग ऐक्यवर्धिनी सभा काढली. तरुणांना एकत्र आणायचं, बोलायचं, शिकवायचं. सुट्टीच्या दिवशी फडके पुण्याच्या रस्त्यांवरून थाळी वाजवत जायचे आणि आज संध्याकाळी माझं व्याख्यान आहे म्हणून स्वतःच दवंडी द्यायचे. स्वतःच्या कार्यक्रमाची जाहिरात स्वतःच, तीही सरकारी नोकरीत राहून, भर रस्त्यात. लोक हसले नसतील असं वाटत नाही.

लोक यायचे, ऐकायचे. आणि घरी जायचे. ही खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली. शिकलेली माणसं मान डोलावतात, टाळ्या वाजवतात, पण पुढे पाऊल टाकत नाहीत.

दुसरीकडे शरीराची तयारी चालू होती. पुण्यात लहुजी राघोजी साळवे, म्हणजे आपले लहुजी वस्ताद, यांची तालीम होती. लहुजींचे वडील १८१७ साली खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले होते. मांग समाजातल्या या वस्तादाकडे दांडपट्टा, तलवार, कुस्ती, नेमबाजी शिकायला सगळ्या जातींची पोरं यायची. जोतीराव फुलेही त्याच तालमीत तयार झालेले. फडकेंनी तिथं घाम गाळला. कोकणस्थ ब्राह्मण कारकून मांग वस्तादाच्या आखाड्यातली माती अंगाला लावून मग कचेरीत जातो, हे १८७० च्या दशकातल्या पुण्यात किती जणांना रुचलं असेल, याचा तुम्हीच विचार करा.

पहिल्या पत्नीचं निधन झाल्यावर त्यांनी गोपिकाबाईंशी लग्न केलं. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, घोड्यावर बसायला शिकवलं, असं चरित्रकार सांगतात. फडके दत्ताचे भक्त होते. म्हणजे दिवसाचं वेळापत्रक बघा : पूजा, तालीम, कचेरी, शाळा, सभा. झोपायचे कधी, देव जाणे.

दुष्काळ

१८७६ साली पाऊस पडलाच नाही. दख्खनवर दुष्काळ कोसळला आणि तो दोन वर्षं हटला नाही. पुणे, सातारा, सोलापूर, विजापूर, नगर हा सगळा पट्टा होरपळला. लाखो माणसं मेली. त्याच्या वर्षभर आधीच, १८७५ मध्ये, सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरं जाळली होती. आधीच पिचलेल्या माणसावर दुष्काळ आला.

अशा वेळी १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं दिल्लीत दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून सोहळा.

आणि दुष्काळी कामांवर काय चालू होतं? सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला सरकारनं खर्च कमी करायला पाठवलं होतं. त्यानं खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर दगड फोडून. दख्खनमध्ये हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि ते कामावरून उठून गेले. हाच टेंपल त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दुष्काळात फडके गावोगाव फिरले, डोळ्यांनी बघितलं आणि परत येऊन कचेरीत बसले. कचेरीत काय, तर फौजेच्या दाणागोट्याचे हिशोब.

माझ्या मते त्यांच्या ध्येयाची शेवटची आवृत्ती इथे पक्की झाली. आईची रजा हा धक्का होता, रानडेंची व्याख्यानं हा विचार होता, पण गावातली भुकेली माणसं बघितल्यावर शाळा आणि सभा त्यांना फार हळू वाटायला लागल्या. इंग्रजांचं राज्य घालवायचं आणि आपलं आणायचं. त्या वेळी काँग्रेस नव्हती, कुठली पार्टी नव्हती, संपूर्ण स्वातंत्र्य हे शब्द कुणी उघडपणे उच्चारत नव्हतं. तेहतीस वर्षांच्या एका माणसानं हे स्वतःपुरतं ठरवलं. गोपिकाबाईंना माहेरी, जुन्नरला पाठवलं. नोकरीवर पाणी सोडलं.

गोपिकाबाईंना यात कुणी काय विचारलं असेल? ध्येयवेड्या माणसांच्या गोष्टीत हा प्रश्न नेहमी राहून जातो, म्हणून इथे लिहून ठेवते.

प्लॅन होता, आणि तो वाईट नव्हता

फडकेंचा आराखडा त्यांच्या स्वतःच्या लिखाणातून कळतो. ठिकठिकाणी छोट्या छोट्या टोळ्यांनी एकाच वेळी उठायचं. तारा तोडायच्या, टपाल आणि रेल्वे बंद पाडायची. या गावाची बातमी त्या गावाला कळता कामा नये. मग मूठभर माणसं असली तरी हजारोंचं सैन्य उठलंय अशी हवा होईल. तुरुंग फोडायचे, म्हणजे आतले कैदी येऊन मिळतील.

कागदावर हे बरोबर होतं. इंग्रजांचं राज्य तारा आणि रुळांवर उभं आहे, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

अडलं कुठे? पैशावर. माणसं जमवायची तर त्यांना खायला घालावं लागतं, दुष्काळात तर आधी खायलाच घालावं लागतं. फडकेंनी पैसेवाल्या मंडळींकडे कर्ज मागून बघितलं. राज्य आलं की व्याजासकट परत करू, असं. कुणी दिलं नाही. मग ठरलं की सरकारचा आणि सावकारांचा पैसा लुटायचा आणि त्यावर फौज उभी करायची.

पांढरपेशे मागे राहिले, तेव्हा ते रामोश्यांकडे गेले. रामोशी म्हणजे शिवकाळापासून गड आणि गावं राखणारी माणसं. इंग्रज आले, किल्ले गेले, राखणदारी गेली आणि त्यांच्यावर गुन्हेगार असा शिक्का बसला. उमाजी नाईकांनी याच्याविरुद्ध बंड केलं होतं आणि १८३२ साली त्यांना फाशी झाली. ती आठवण घराघरांत होती. शिवाय कोळी आणि इतर समाजांतली माणसंही आली.

२० फेब्रुवारी १८७९. पुण्याजवळ लोणीच्या बाहेर गोपाळ हरी कर्वे, विष्णू गद्रे आणि आणखी काही साथीदारांसह फडकेंनी लढा पुकारला. सोबत दोनशेच्या आसपास माणसं. तीनच दिवसांत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी सरकारी कराचा पैसा ठेवलेला होता. हाती लागलं ते फौज उभी करायला पुरणारं नव्हतं. पण सरकारदरबारी एक गोष्ट झाली. फडके दरोडेखोर ठरले.

त्यानंतर छाप्यांमागून छापे. आणि मे महिन्यात हे बंड थेट पनवेलच्या दारात आलं. फडकेंचा सगळ्यात भरवशाचा साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून कोकणात आला आणि १० आणि ११ मे १८७९ ला पळस्पे आणि चिखलीवर छापा पडला. हो, तेच पळस्पे, जिथं आता फाट्यावर गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. लूट मोठी होती, जवळपास दीड लाख रुपयांची. एवढ्या पैशात खरंच काहीतरी उभं राहिलं असतं. पण परत घाटमाथ्याकडे जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं गाठलं. दौलतराव गोळी लागून पडला. त्याच्या जाण्यानं टोळीचा कणाच मोडला.

दोन दिवसांनी, १३ मे ला, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. सगळ्यांचा संशय फडकेंच्या माणसांवर. न्यायमूर्ती रानड्यांचाही या बंडाला आतून पाठिंबा असेल अशी सरकारला शंका आली आणि त्यांची बदली धुळ्याला झाली. पुढं निष्पन्न काय झालं, तर आग लावणारा भलताच माणूस होता, त्याचा फडकेंशी काडीचा संबंध नव्हता. पण राज्यकर्ते किती घाबरले होते, हे त्या बदलीवरून कळतं.

त्याच महिन्यात फडकेंनी सरकारला जाहीरनामा धाडला. लोकांना काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार कापा. नाहीतर बंड पसरेल. सोबत गव्हर्नरच्या डोक्यावर बक्षीस लावलं. गव्हर्नर कोण? सर रिचर्ड टेंपल. साडेचारशे ग्रॅमवाले. सरकारनंही फडकेंवर बक्षीस लावलं. लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत विषय गेला.

श्रीशैलावरची वही

त्याच उन्हाळ्यात फडके दक्षिणेला, कृष्णाकाठच्या श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. थकले होते, पैसा संपला होता, माणसं पांगली होती. देवापुढे जीव द्यायचा असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि तिथं बसून त्यांनी स्वतःची हकीकत लिहिली.

ही वही मला त्यांच्या सगळ्या छाप्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. हरलेला माणूस सहसा दुसऱ्यावर खापर फोडतो किंवा गप्प बसतो. फडकेंनी काय ठरवलं होतं, काय केलं, कुठं बिनसलं, हे सगळं मांडलं. एखाद्या कारकुनानं वर्षअखेरीला खातेवही मिटवावी तसं. मनासारखं काम करू शकलो नाही म्हणून देशबांधवांची माफी मागितली.

त्यात कडवटपणाही आहे. शिकलेल्यांनी साथ दिली नाही, आणि जे रामोशी आले त्यांचं लक्ष लुटीच्या वाट्यावर होतं, हातात काही पडलं की ते घराकडे निघायचे, अशी त्यांची तक्रार. आज वाचताना यातली दुसरी तक्रार मला पूर्ण पटत नाही. दुष्काळ नुकता सरलेला, घरी बायकापोरं उपाशी, आणि समोर चार रुपये. तो माणूस घरी जाणारच. फडकेंचं ध्येय स्वराज्य होतं. त्यांच्यासोबत चालणाऱ्याचं ध्येय उद्याची भाकरी होतं. दोन्ही खरी होती, पण एकाच रस्त्यावर फार दिवस चालणारी नव्हती. ही गोष्ट त्यांच्या आराखड्यात कुठेच धरलेली नव्हती. तारा कुठं तोडायच्या हे ठरलं होतं, माणसं का टिकतील हे ठरलं नव्हतं.

जीव मात्र त्यांनी दिला नाही. पुन्हा उठले. ध्येय तेच ठेवलं, माणसं बदलली. निजामाच्या मुलखात जाऊन रोहिल्यांशी बोलणी केली. पाचशेच्या आसपास लढणारी माणसं पगारावर घ्यायची, असा बेत. गाणगापूरला, आपल्या दत्ताच्या क्षेत्री, मुक्काम झाला.

पण तोवर डॅनियल आणि हैदराबादच्या पोलिसांचा अधिकारी अब्दुल हक माग काढत जवळ आले होते. २० जुलै १८७९. तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातलं, आताच्या कर्नाटकातलं देवर नावडगी गाव. तापानं फणफणलेले, दिवसांमागून दिवस चालून दमलेले फडके झोपेत होते. तसेच पकडले गेले.

लढा पुकारल्यापासून पाच महिने. तयारीला वर्षानुवर्षं, आणि प्रत्यक्ष लढाई पाच महिने.

खटला आणि एडन

पुण्यात संगमाजवळ त्यांना ठेवलं. त्या जागी आता त्यांचं स्मारक आहे. खटला उभा राहिला तेव्हा वकीलपत्र घ्यायला सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, पुढे आले. हेच ते काका, जे १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातानं कातलेल्या खादीचे कपडे घालून गेले होते. फडकेंना बघायला गर्दी व्हायची. जी माणसं व्याख्यानाला टाळ्या वाजवून घरी जायची, त्यातलीच बरीच असतील.

सरकारी पक्षाचा मोठा पुरावा कोणता होता? श्रीशैलावर लिहिलेली ती हकीकत आणि रोजनिशी. डायरी लिहिण्याची किंमत.

नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अंदमानला पाठवतात तसं त्यांना पाठवलं नाही. तेव्हा एडन मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं, तिथं नेलं. १८८० च्या जानेवारीत बोटीवर चढवलं. हिंदुस्थानचा किनारा परत दिसणार नव्हता.

एवढं झाल्यावर माणूस शांत होईल ना? फडके एडनच्या तुरुंगातूनही पळाले. कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून काढलं आणि बाहेर पडले. पण जाणार कुठे? आजूबाजूला ओसाड वाळवंट, भाषा परकी, चेहरा वेगळा. थोड्याच अंतरावर पुन्हा धरले गेले.

मग क्षयानं गाठलं. शेवटी त्यांनी अन्नत्याग केला. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनमध्येच वारले. वय सदतीस.

मग झालं काय?

राज्य गेलं नाही. बंड राज्यभर पसरलं नाही. ठरवलेलं एकही मोठं काम त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झालं नाही.

काही गोष्टी मात्र झाल्या. १८७९ सालीच सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी पाशातून थोडी सूट देणारा कायदा केला. त्याचं श्रेय एकट्या फडकेंना देता येत नाही. १८७५ चे सावकारविरोधी दंगे आणि त्यावरची चौकशी त्याच्या मागे होती. पण दख्खन शांत नाही ही भीती त्याच वर्षी त्यांनी ताजी करून दिली होती.

१८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करणाऱ्या अॅलन ह्यूम यांचं चरित्र त्यांचे सहकारी विल्यम वेडरबर्न यांनी १९१३ साली लिहिलं. त्यात दख्खनमधल्या अशा एका पुढाऱ्याची हकीकत येते, जो स्वतःला दुसरा शिवाजी म्हणवून घेत होता आणि ज्यानं गव्हर्नर टेंपलच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं. भुकेली जनता आणि शिकलेला पुढारी एकत्र आले तर काय होईल, ही काळजी ह्यूम यांच्या डोक्यात होती. पुढे चापेकर बंधू आले. फडके गेले त्याच वर्षी, तीन महिन्यांनी, भगूरला सावरकरांचा जन्म झाला.

१९८४ साली टपाल खात्यानं फडकेंवर तिकीट काढलं. २००७ मध्ये गजेंद्र अहिरेंनी सिनेमा केला, अजिंक्य देवनं फडके साकारले.

आणि ज्या शाळेला त्यांनी नोकरी सांभाळून हात लावला होता, जी सोडून ते पुढे गेले कारण ती त्यांना फार हळू वाटत होती, ती संस्था अजून चालू आहे. दर जूनमध्ये तिथं नवी पोरं दाखल होतात.

शिरढोणला त्यांचा वाडा आणि स्मारक बघता येतं. पनवेलहून जवळच आहे, कर्नाळ्याला जाता जाता थांबता येईल. १७ फेब्रुवारीला तिथं अभिवादनाचा कार्यक्रम असतो. एरवी बहुतेक वेळा तिथं शांतता असते, आणि बाहेर हायवेवरून गाड्या कोकणाकडे चाललेल्या असतात.